सरकारी रुग्णालयात नर्स म्हणून झेपेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नर्सिंगचं शिक्षण नुकतंच संपलंय, मोठ्या शहरातल्या सरकारी रुग्णालयात नेमणूक मिळाली आहे आणि रुजू व्हायला तीन आठवडे उरलेत. मैत्रिणी सांगतात की तिथे एकेकीच्या वाट्याला चाळीस पेशंट येतात, नातेवाईक अंगावर धावून येतात, क्षणभर टेकायला मिळत नाही. हे मला झेपेल का, आणि सवय व्हायला किती दिवस लागतात? जाता जाता बूट कोणते घ्यावेत हेही विचारलं आहे.

मी २२ वर्षं अशाच रुग्णालयात आहे. आधी पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड, मग कॅज्युअल्टी, मधली चार वर्षं आयसीयू, आणि आता परत मेडिसिनलाच इनचार्ज. तू वयाने माझ्या मुलीएवढी असणार, म्हणून सरळ 'तू'च म्हणते.

'झेपेल का' हे बहुतेक मुली अंगमेहनतीच्या अर्थाने विचारतात. त्याचं उत्तर सोपं आहे: झेपतं. दीड-दोन महिने पाय ठणकतात, नाइटनंतर दुपारी झोप लागत नाही, मग शरीर आपलं आपण जुळवून घेतं. नोकरी सोडून गेलेल्या मुली मी पुष्कळ पाहिल्या, पण पाय दुखतात म्हणून गेलेली एकही आठवत नाही. त्या गेल्या त्या घरी जाताना डोक्यात जे घोळत राहतं त्यामुळे. अमक्याची कूस बदलायची राहिली, तमक्याच्या बायकोला गोळ्या समजावते म्हणाले आणि गेलेच नाही. खरी अडचण ही आहे. सरकारी वॉर्डात काम वेळेपेक्षा जास्त असतं, अधूनमधून नव्हे, रोज. त्यातलं काय मागे ठेवायचं हे तुलाच ठरवावं लागतं. कॉलेजात सगळं कसं करायचं ते शिकवतात, काय सोडायचं ते कोणी शिकवत नाही. आणि शिकवलं नाही तरी प्रत्येकजण सोडतेच, फक्त कोणी न ठरवता सोडते.

हे फक्त आपल्याकडचं रडगाणं नाही. २००६ मध्ये अमेरिकेत बिअॅट्रिस कॅलिश यांनी नर्सेसशी बोलून राहून जाणाऱ्या कामांची यादीच मांडली: पेशंटला चालवणं, कूस बदलणं, वेळेवर भरवणं, समजावून सांगणं, धीर देणं, अंग पुसणं, किती पाणी गेलं आणि किती लघवी झाली याची नोंद, डिस्चार्जची तयारी, पेशंटवरची नजर. मी ती यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा हसू आलं, कारण आमच्या वॉर्डात बसून लिहिल्यासारखी होती. त्याआधी २००२ मध्ये लिंडा एकेन यांनी पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या होत्या. ऑपरेशनच्या पेशंटांमध्ये, नर्समागे एक पेशंट वाढला की महिन्याच्या आत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला, २००४ पासून तो लागू आहे, आणि साध्या वॉर्डात एका नर्सकडे पाचाहून जास्त पेशंट द्यायचे नाहीत असं त्यात आहे. हे एवढ्यासाठी सांगते की चाळीस पेशंटांमागे धावताना काही राहिलं, तर लगेच 'मीच कमी पडले' असं मानू नकोस. गणितच तसं आहे. पण गणित तसं आहे म्हणून हात झटकताही येत नाहीत.

आता, कुठल्या वॉर्डात पडतेस यावर बरंच अवलंबून आहे, हे मान्य करते. चाळीस हा आकडा काही वॉर्डांत, काही रात्री खरा असतो, आयसीयूत नसतो. लेबर रूममध्ये पेशंट मोजके, पण पाच मिनिटांत होत्याचं नव्हतं होतं. कॅज्युअल्टीत गर्दी आणि गोंगाट असतो, पण पेशंट पुढे जातो, तुझ्याकडे राहत नाही. इनचार्ज कोण आहे, रात्री मावशी आणि मामा, म्हणजे वॉर्डातले मदतनीस, किती असतात, ऑक्सिजनचा पॉइंट प्रत्येक बेडला आहे की सिलिंडर ओढत न्यावा लागतो, यावर तुझा दिवस ठरतो. चांगल्या इनचार्जखालचा भरलेला वॉर्ड हा वाईट इनचार्जखालच्या अर्ध्या रिकाम्या वॉर्डापेक्षा बरा. निवड मिळालीच तर पहिलं वर्ष मेडिसिन किंवा सर्जरी वॉर्ड माग. पुष्कळ जणी आयसीयूसाठी धडपडतात, आणि माझं हे मत त्यांना पटत नाही. आयसीयूत मॉनिटर ओरडतो तेव्हा आपण बघतो. वॉर्डात ओरडायला काही नसतं, तिथे डोळा तयार होतो.

डोळा म्हणजे काय, ते एका रात्रीवरून सांगते. माझं दुसरं वर्ष, ३६ पेशंट, आम्ही दोघी. संध्याकाळच्या सिस्टरने ओव्हर देताना, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंट सोपवताना, बाल्कनीजवळच्या बेडकडे बोट करून म्हटलं, "ते बाबा शांत झोपलेत, त्यांचा काही त्रास नाही." मी खूश. त्रास देणारे आधी उरकले: सलाईन संपलेला, खोकणारा, सारखा हाक मारणारा. पावणेअकराला बाबांपाशी पोहोचले आणि नाडीसाठी मनगट धरलं तर हात ओला. कपाळ ओलं, उशीचा अभ्रा ओला. हाक मारली तर नुसता हुंकार. शुगर ३८, म्हणजे धोक्याइतकी कमी. संध्याकाळी इन्सुलिन दिलं होतं, जेवण आलं तेव्हा ते एक्स-रेला गेले होते, परत आल्यावर ताट कुठे गेलं कोणी विचारलं नाही. शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज सोडलं आणि काही मिनिटांत बाबा उठून "माझा चष्मा कुठे आहे?" म्हणाले. मी बाथरूममध्ये जाऊन दोन मिनिटं भिंतीला टेकून उभी राहिले.

तेव्हापासून माझा नियम आहे, आणि माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक मुलीला तो पाळावा लागतो. ओव्हर घेतल्यावर ट्रॉलीला हात लावायच्या आधी सगळ्या पेशंटांवरून एक फेरी. प्रत्येकाला हात लावायचा. नुसतं बघायचं नाही. गरम आहे की गार, कोरडा की ओला, हाकेला ओ देतो का, श्वास कसा चाललाय, सलाईनची सुई जिथे आहे तिथे सूज आहे का. एकाला वीस सेकंद धरले तरी ३६ जणांची फेरी बारा-पंधरा मिनिटांत होते. इंजेक्शनं पंधरा मिनिटं उशिरा सुरू होतील, होऊ देत. जो शांत आहे त्याच्याकडे आधी जायचं. ओरडणाऱ्याचा श्वास तरी चालू आहे हे लांबूनही कळतं.

श्वासाचं निघालं म्हणून एक कटू गोष्ट. कुठल्याही भरलेल्या वॉर्डातला टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वासाचा तक्ता, उघड, श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत '२०' लिहिलेलं सापडेल. दमेकऱ्यालाही २० आणि हर्नियावाल्यालाही २०. नाडी आणि बीपी यंत्र सांगतं, श्वास मात्र मिनिटभर उभं राहून मोजावा लागतो, म्हणून तोच सोडला जातो. आणि पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा तोच आधी हलतो. ब्रिटनमध्ये २०१२ पासून वापरात आलेल्या 'न्यूज' या, पेशंट किती बिघडलाय ते मोजणाऱ्या गुणपद्धतीत श्वास मिनिटाला २५ किंवा त्याहून जास्त झाला की त्या एका मापालाच थेट ३ गुण मिळतात, म्हणजे सर्वांत वरचे. सगळ्यांचा मोजायला वेळ नसेल तर फेरीत जे चार-पाच जण मनाला खटकले त्यांचा तरी पूर्ण मिनिट मोज. बाकीच्यांचा रकाना कोरा ठेव, पण खोटा २० लिहू नकोस. कोरा रकाना बघून पुढची सिस्टर मोजेल. २० बघून ती पुढे जाईल.

तर मागे काय ठेवायचं? माझ्या डोक्यातली ओळ अशी लागते. जे उशिरा केलं तर माणूस जातो ते आधी. जे उशिरा केलं तर आठवड्याने भोगावं लागतं ते दुसरं. जे उशिरा केलं तर कोणीतरी रागावेल ते शेवटी. नवीन मुली नेमकं उलटं करतात, कारण रागावणारा माणूस समोर उभा असतो. राऊंडच्या आधी चादरी ताठ, फाइली रांगेत, आणि रक्ताची बॅग लावून त्या दुसऱ्या टोकाला निघून गेलेल्या. रक्त लावलं की पहिली पंधरा मिनिटं तिथून हलायचं नाही, मग कोणी का हाक मारेना. थंडी, खाज, पाठीत दुखणं, श्वास लागणं, जी गंभीर रिअॅक्शन यायची ती बहुधा त्याच वेळात दिसू लागते. नंतर नजर ठेवायची ती वेगळी, आणि बॅग चार तासांच्या आत संपली पाहिजे.

दुसऱ्या गटातलं उदाहरण म्हणजे कूस. दर दोन तासांनी कूस बदलायची असं पुस्तकात असतं. दोघींच्या ड्युटीत सगळ्यांची दर दोन तासांनी होत नाही, हे स्पष्ट बोललेलं बरं. मग निवडायचं. जो स्वतः हलू शकत नाही, ज्याचं अंथरूण ओलं होतं, जो जेवत नाही, असे वॉर्डात चार-पाचच असतात. त्यांची चुकवायची नाही. माकडहाड आणि टाचा बघायच्या. लाल दिसलं तर बोटाने दाबायचं आणि सोडायचं: पांढरं पडून पुन्हा लाल झालं तर अजून वेळ आहे, लालच राहिलं तर जखम आतून सुरू झाली आहे. काळ्यासावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही, तिथे हाताला लागणारा उबदारपणा आणि कडकपणा बघ. घरचं कोणी सोबतीला असेल तर पहिल्याच दिवशी त्यांना कूस बदलायला शिकव. यात दहा मिनिटं जातात आणि पुढचे दहा दिवस वाचतात.

औषधांच्या बाबतीत मात्र माझी ओळ फार कडक आहे. ट्रॉलीवर उभी असताना कोणी प्रश्न विचारला तर "दोन मिनिटं, हे झालं की येते" असं मान वर न करता म्हणायला शीक. उद्धटपणा वाटेल. चूक होते ती ज्ञान नसल्यामुळे कमी आणि मधे कोणी बोलल्यामुळे जास्त. इन्सुलिनचंच बघ. एका मिलीमध्ये ४० युनिटची बाटली असते आणि १०० युनिटचीही. सिरिंजही दोन प्रकारच्या, ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. १०० च्या बाटलीतलं ४० च्या सिरिंजने भरलं तर अडीचपट डोस जातो, आणि सिरिंजवर आकडा मात्र बरोबर दिसतो. म्हणून बाटली आणि टोपण दोन्ही मोठ्याने वाचायचे, शक्यतो दुसरीला ऐकवून. आणि पोटॅशियम क्लोराइड कधीही थेट शिरेत द्यायचं नाही, पातळ करून सावकाशच. हे तुला पाठ आहे मला ठाऊक आहे. पहाटे साडेचारला पाठ असलेलंही विसरतं.

रात्री डॉक्टरांना फोन करायची भीती जवळजवळ प्रत्येकीला असते. मी पहिल्या वर्षी फोनवर म्हणायचे, "सर, चौदा नंबरचा पेशंट बरा वाटत नाहीये." पलीकडून जांभई, आणि "बघा थोडा वेळ." त्यांचीही चूक नाही, सलग छत्तीस तास जागलेला मुलगा असतो तो. आता माझ्याकडच्या मुली असं बोलतात: "सर, चौदा नंबर, न्यूमोनिया, काल दाखल. एक वाजता श्वास २२ आणि सॅच्युरेशन ९५ होतं, आता ऑक्सिजन चालू असून श्वास ३२ आणि सॅच्युरेशन ८८. मला वाटतं तो थकत चाललाय. तुम्ही येऊन बघायला हवं." (सॅच्युरेशन म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचे टक्के.) काय झालं, आधी काय होतं, मला काय वाटतं, तुम्ही काय करावं. या बोलण्याला 'एसबार' म्हणतात, मुळात ती अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरची पद्धत, तिथून रुग्णालयांत आली. पाणबुडीत आणि नाइट ड्युटीत हवा सारखीच कोंदट असते म्हणून असेल. फोन ठेवला की केसपेपरवर वेळेसकट लिही: २.४० ला कळवलं, कोणाला, ते काय म्हणाले. अर्ध्या तासात कोणी आलं नाही तर परत फोन, मग त्यांच्या वरच्यांना. कोणी रागावलं तर रागावू दे, तो तिसरा गट.

नातेवाईकांबद्दल तुझ्या मैत्रिणी खोटं सांगत नाहीत. माझ्या अंगावरही एकदा सलाईनचा स्टँड आला होता. पण २२ वर्षांत जे भडके पाहिले ते बहुतेक तीनच जागी उडाले: किती थांबायचं ते कोणी सांगितलं नाही तेव्हा, तीन जणांनी तीन वेगळी उत्तरं दिली तेव्हा, आणि 'बरे आहेत' म्हणून सांगितल्यावर तासाभरात माणूस गेला तेव्हा. तिन्ही ठिकाणी आधी काहीतरी करता येतं. फेरीतच सांगून टाक: "मी रात्रभर इथे आहे. बारा वाजता यांचं इंजेक्शन आहे, त्याआधी काही वाटलं तर मला हाक मारा." वेळ दिलीस तर ती पाळ, नाही जमली तर जाऊन तसं सांग. 'काळजी करू नका' हे वाक्य वापरूच नकोस. पेशंट गंभीर असेल तर डॉक्टरांना नातेवाईकांशी आधीच बोलायला लाव, आणि त्या वेळी तूही तिथे उभी राहा, म्हणजे नंतर तुझं उत्तर तेच राहील. एवढं करूनही एखादा पिऊन येतो, एखादा मुळातच भांडायला येतो. तेव्हा समजावण्याच्या फंदात पडू नकोस. दार तुझ्या पाठीशी राहील अशी उभी राहा, एकटी राहू नकोस, सुरक्षारक्षकाला बोलाव. धीटपणा दाखवायची ही जागा नव्हे.

सुई टोचण्याबद्दल तू विचारलं नाहीस, पण मी रुजू झाल्यावर सातव्या महिन्यात ती चूक केली. घाईत वापरलेल्या सुईला परत टोपण लावत होते. चूक पूर्णपणे माझी होती आणि लाजेपोटी मी सकाळपर्यंत कोणाला सांगितलं नाही. तू तसं करू नकोस. टोचली की साबण-पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, आणि लगेच कळवायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागली तर ती जितक्या लवकर तितकी चांगली, दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर त्यांचा भरवसा नाही. एचआयव्हीबाधित रक्ताच्या टोचणीतून लागण होण्याचं प्रमाण साधारण हजारात तीन आहे. हिपॅटायटिस बीचा धोका त्याहून कितीतरी मोठा, पण लस घेतली आणि अँटिबॉडी तयार झाल्या असतील तर तो जवळपास उरत नाही. तीन डोस घेतलेस का? आणि शेवटच्या डोसनंतर रक्त तपासून अँटिबॉडी १० च्या वर आहेत का ते पाहिलंस का? नसेल तर या तीन आठवड्यांतलं पहिलं काम हेच. लागण झाली नाही, मी सुटले, पण ते सहा महिने मी मुलीला जवळ घेतानाही हात तपासून बघायचे.

मग राहून गेलेल्याचं काय करायचं? ओव्हर देताना ते बोलायचं. "बावीस नंबरची कूस पहाटे चारनंतर झालेली नाही. नऊ नंबरच्या बाईंना इन्हेलर शिकवायचं राहिलंय." सुरुवातीला जीभ अडते, वाटतं समोरची म्हणेल आठ तास काय करत होतीस. एखादी म्हणतेही. पण बोललेलं काम पुढची उचलते, आणि ते तुझ्याबरोबर घरी येत नाही. तेच तेच काम आठवडाभर राहत असेल तर इनचार्जला लिहून दे, तारखा घालून. मी इनचार्ज झाल्यावर रात्री एक मावशी वाढवून मागितली तेव्हा माझ्याकडे मुलींच्या अशाच चिठ्ठ्या होत्या. तक्रारीला कोणी विचारलं नसतं, तारखांना विचारावं लागलं.

एक गोष्ट चांगलीही सांगायला हवी, नाहीतर तू येणारच नाहीस. आमच्याकडे पोलीस आणतात तसे अनोळखी पेशंट येतात, केसपेपरवर नावाच्या जागी फक्त 'अनोळखी'. असाच एक जण अकरा दिवस होता, कोणाशी बोलत नव्हता. बाराव्या दिवशी आमची एक नवीन मुलगी, तुझ्याच वयाची, दुपारी वॉर्ड निवांत असताना त्याची नखं कापत बसली. तिसऱ्या बोटाला तो म्हणाला, "हळू." मग नाव सांगितलं, मग भावाचं नाव. तो आमच्या वॉर्डाच्या भाषेत तिसऱ्या गटातलाही नव्हता, नखं कापायचं काम कुठल्याच यादीत नव्हतं. माझी ओळ कुठे अपुरी पडते ते त्या मुलीने दाखवलं, आणि मी अजून ती दुरुस्त करू शकलेले नाही.

सवय किती दिवसांत? हात दोन महिन्यांत सरावतात. कोणाला आधी बघायचं हे न आठवता कळायला मला वर्ष लागलं. पहिल्या तीन महिन्यांत रोज वाटेल की नोकरी सोडावी. तेव्हा निर्णय घेऊ नकोस, आणि नाइट संपल्यावर त्याच सकाळी तर नाहीच.

बूट. अर्धा नंबर मोठे घे, कारण ड्युटीच्या शेवटी पाय सुजतात. दुकानात संध्याकाळी जा, सकाळी नको. पुढून बंद हवेत, वरून सुई किंवा कात्री पडते. तळवा न घसरणारा आणि वरचा भाग धुता येणारा, कापडी नको. आणि दोन जोड घे. एक ओला होणारच, कशाने ते विचारू नकोस.